शिक्का कुणाचा, शिक्षा कुणाला?

आपलं सगळं आयुष्य शिक्क्यांवर चाललंय. बोनाफाईडवर शिक्का, बसच्या पासवर शिक्का, उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलचा शिक्का, जर्नलवर सरांची सही आणि तिच्या शेजारी डिपार्टमेंटचा शिक्का. शिक्का नाही म्हणून काम अडलं, असा अनुभव नसलेला विद्यार्थी परभणी जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. पण एक जागा अशीही आहे की जिथे शिक्का आहे म्हणून काम अडतं. ती जागा म्हणजे पासपोर्टचं पान.

आपल्यातले बरेच जण फायनल इयरला आले की पासपोर्टसाठी अर्ज करतात. कुणाला एम. एस. करायचंय, कुणाला कंपनीने ऑनसाइट पाठवलं तर हाताशी असावा म्हणून, आणि कुणाला आखातात मामाकडे साईटवर नोकरी लागणार असते. ते निळं पुस्तक हातात आलं की आपण फोटो कसा आलाय तेवढं बघतो. जरा वाचूनही बघावं. त्यात भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगाला विनंती केलेली असते की, या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या, लागेल ती मदत करा. आणि हेही छापलेलं असतं की हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे फोटो आपला, नाव आपलं, फी आपण भरलेली, पण पुस्तक सरकारचं! त्यामुळे एखादा शिक्का आवडला नाही म्हणून पान फाडता येत नाही. बँकॉकचे शिक्के घरच्यांना दिसू नयेत म्हणून पानं फाडणाऱ्या महाभागांना मुंबई विमानतळावर अटक झाल्याच्या बातम्या आपण चवीने वाचल्याच आहेत. हसण्यावारी नेऊ नका. पासपोर्टमध्ये अशी खाडाखोड करणं १९६७ च्या पासपोर्ट कायद्याने गुन्हा आहे.

आता मुद्द्यावर येतो. शेजारच्या देशाचा शिक्का बसला की पुढची दारं बंद होतात, हे आपण कँटीनमध्ये हजार वेळा ऐकलेलं वाक्य. "पाकिस्तानचा शिक्का बसला ना, मग अमेरिका विसर!" असं ठामपणे सांगणारा एक तरी जाणकार प्रत्येक हॉस्टेलवर असतो. यात खरं किती, खोटं किती, आणि मुळात दोन सरकारांच्या भांडणाचा हिशोब प्रवाशाच्या पासपोर्टवर का मांडावा, यावर मला लिहायचं आहे.

काही जण म्हणतील, सरहद्द कुठे, परभणी कुठे! आपला आणि सीमेचा संबंध काय? संबंध आहे, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी तो भोगलाय. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायची. दोन्ही काठांवर मराठीच बोलणारी माणसं, सोयरिकी दोन्हीकडे, पण मध्ये नाका. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत तर पैनगंगा म्हणजे एका स्वतंत्र देशाची आणि एका हट्टी संस्थानाची सरहद्दच झाली होती. तेव्हा सीमा म्हणजे काय, हे परभणीकराला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही.

नंतर तो नाका इथून उठला आणि लांब पंजाबात जाऊन बसला. भारत-पाकिस्तान प्रवासासाठी १९४८ मध्ये परमिट आलं, १९५२ मध्ये पासपोर्ट आला. हैदराबाद संस्थानातून काही कुटुंबं कराचीला गेली. तिथे आजही हैदराबाद कॉलनी नावाची वस्ती आहे. भाऊ इकडे, बहीण तिकडे, अशा घरांना व्हिसा म्हणजे काय ते विचारा. भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या नागरिकांना अख्ख्या देशाचा व्हिसा देत नाहीत. ठरावीक शहरांचा देत आले, आणि बहुतेकांना तिथल्या पोलिसांकडे हजेरीही लावावी लागायची. बहिणीच्या लग्नाला जायचं आणि आधी ठाण्यात जाऊन नाव सांगायचं!

आता जरा जगाकडे बघू. शिक्क्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण इस्राएलचं, आणि त्यातही मराठी माणूस आहेच. कोकणातले, अलिबागच्या बाजूचे बेने इस्राएली लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथे त्यांनी मराठी टिकवली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. त्याच कोकणातली किती तरी माणसं पोटापाण्यासाठी आखाती देशांत गेली. म्हणजे एकाच गावातले दोन शेजारी, एकाचा मुलगा तिकडे, दुसऱ्याचा इकडे. पण या दोघांच्या पासपोर्टांवरचे शिक्के एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. अनेक अरब देश वर्षानुवर्षं इस्राएलचा शिक्का असलेल्या प्रवाशाला दारातून परत पाठवत आले. लेबनॉनचा नियम तर या बाबतीत प्रसिद्धच आहे.

मग इस्राएलने काय केलं? प्रवाशाने विनंती केली की शिक्का पासपोर्टवर मारायचा नाही, वेगळ्या कागदावर मारायचा. पुढे २०१३ पासून विमानतळावर परदेशी प्रवाशांना शिक्क्याऐवजी एक छोटं छापील कार्डच द्यायला सुरुवात केली. कार्ड सांभाळा, जाताना दाखवा, झालं. पण इथेच खरी गंमत आहे. विमानाऐवजी रस्त्याने गेलात तर? इजिप्तचा ताबा नाका इस्राएलला लागूनच आहे. तिथे इजिप्तचा शिक्का बसला की हा माणूस इस्राएलमधून आला किंवा इस्राएलला गेला, हे कुठल्याही अधिकाऱ्याला न सांगता कळतं. इस्राएलचा शिक्का नाही, पण शेजाऱ्याच्या शिक्क्याने चहाडी केली! मध्ये पाऊस पडून पायांचे ठसे पुसले जावेत आणि चिखलात एकच उरावा, तसा हा प्रकार.

म्हणजे शिक्का चुगली करतो, आणि त्यावर उपाय सुटा कागद. सोपं आहे की नाही? पण थांबा, आता दुसरी बाजू बघा.

चीनने २००९ च्या सुमारास जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांना व्हिसा द्यायची नवीनच तऱ्हा काढली. पासपोर्टच्या पानावर व्हिसा चिकटवायचा नाही, सुट्या कागदावर द्यायचा आणि तो कागद पासपोर्टला स्टेपल करायचा. अरुणाचल प्रदेशच्या रहिवाशांनाही हाच न्याय. बाकीच्या भारतीयांना मात्र नेहमीसारखा व्हिसा. कागद तोच, अक्षरं तीच, फक्त मध्ये स्टेपलरची पिन. पण त्या पिनेचा अर्थ असा की, हा प्रदेश भारताचा आहे असं आम्ही मानत नाही, म्हणून त्या माणसाच्या भारतीय पासपोर्टवर आम्ही आमचा शिक्का उमटवणार नाही. भारत सरकारने अशा व्हिसावर प्रवास मान्य केला नाही, आणि करायलाही नको होता.

याचा फटका कुणाला बसला? आपल्याच वयाच्या मुलींना. जुलै २०२३ मध्ये चीनच्या छंग्दू शहरात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा होत्या. भारताच्या वुशू संघातल्या अरुणाचलच्या तीन मुलींना असेच स्टेपल केलेले व्हिसा मिळाले. भारताने निषेध म्हणून पूर्ण वुशू संघच रोखून धरला. दोन महिन्यांनी हांगझौच्या आशियाई स्पर्धेलाही त्याच तिघी जाऊ शकल्या नाहीत. क्रीडामंत्र्यांनी निषेध म्हणून आपला चीन दौरा रद्द केला. सरकारचं बरोबर होतं, असं मलाही वाटतं. पण वर्षानुवर्षं पहाटे उठून घाम गाळणाऱ्या त्या मुलींच्या हातात काय उरलं? एक पिन मारलेला कागद. आपल्याकडे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला गाडी उशिरा आली तर आपण दोन दिवस शिव्या घालतो. तिथे त्यांची सगळ्या जगाची स्पर्धा गेली.

याच चीनने २०१२ मध्ये नव्या पासपोर्टच्या पानांवर स्वतःचा नकाशा छापला. त्यात अरुणाचल त्यांचं, अक्साई चीन त्यांचं, दक्षिण चीनचा समुद्रही त्यांचा. आता अशा पासपोर्टवर दुसऱ्या देशाने शिक्का मारायचा म्हणजे त्या नकाशालाच मान्यता दिल्यासारखं. व्हिएतनामने युक्ती केली. त्यांनी त्या पासपोर्टवर शिक्का मारणंच टाळलं आणि वेगळ्या कागदावर व्हिसा दिला. भारताने आणखी मजेदार उत्तर दिलं. आपल्या व्हिसावर भारताचा स्वतःचा नकाशा छापून तो त्याच पासपोर्टवर चिकटवायला सुरुवात केली. दोन देशांच्या नकाशांची कुस्ती, आणि आखाडा कुठला? कुणातरी व्यापाऱ्याचा नाहीतर विद्यार्थ्याचा पासपोर्ट!

आता या सगळ्या उदाहरणांकडे एकत्र बघा. इस्राएलचा कागद सुटा, चीनचा कागदही सुटा. एकाने प्रवाशाची सोय झाली, दुसऱ्याने प्रवाशाचा अपमान झाला. मग फरक कशात आहे? माझ्या मते फरक एवढाच की तो कागद कुणी मागितला. इस्राएलमध्ये प्रवाशाने स्वतःच्या सोयीसाठी मागितला, आणि पुढे सगळ्यांनाच सरसकट मिळाला. चीनने तो सरकारच्या दाव्यासाठी काही जणांच्याच माथी मारला, तोही त्यांचं गाव बघून. माझ्या दृष्टीने कसोटी हीच. शिक्का मारा की मारू नका, त्यात सोय प्रवाशाची बघितली की राजकारण्यांची, हे आधी तपासा. आणि एकाला एक नियम, दुसऱ्याला दुसरा, असं तर मुळीच नको.

या कसोटीला उतरणारं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. जवळचं अशासाठी की त्याची वाट परभणी स्टेशनवरून जाते. नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस पूर्णा, परभणी करत थेट अमृतसरला जाते. आपण फार तर मनमाड नाहीतर दिल्लीला जाण्यासाठी तिच्यात बसतो. पण ही गाडी ज्या वाटेने जाते ती वाट सातशे वर्षांपूर्वी संत नामदेवांनी चालून दाखवली. नरसी हे त्यांचं गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच परभणी जिल्ह्यात होती, म्हणजे नामदेव आपल्या जिल्ह्याचेच म्हणा ना! पंजाबातल्या घुमानला ते राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही घुमानला झालं होतं. हे घुमान गुरुदासपूर जिल्ह्यात, आणि त्याच जिल्ह्यात सरहद्दीवर डेरा बाबा नानक आहे. तिथून पलीकडे, पाकिस्तानात चार-एक किलोमीटरवर करतारपूर साहिब. गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथे काढली. सत्तर वर्षं भाविक अलीकडून फक्त लांबून दर्शन घेत होते. तिथे दुर्बीणसुद्धा लावलेली होती.

९ नोव्हेंबर २०१९ ला करतारपूर कॉरिडॉर सुरू झाला. त्यातली व्यवस्था मला फार आवडली. व्हिसा नाही. आधी ऑनलाइन नोंदणी, पोलिसांकडून पडताळणी, मग परवानगी. पासपोर्ट सोबत लागतो, पण तो फक्त तपासतात आणि स्कॅन करतात. त्यावर शिक्का मारत नाहीत. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. दिवसाला पाच हजार भाविकांची सोय आणि पाकिस्तानची माणशी वीस डॉलर फी. फी खटकली, हे खरं. पण दोन हाडवैरी देशांना एवढं सुचलं की भाविकाच्या पासपोर्टवर आपलं भांडण लिहायचं नाही, याचं कौतुक करायला हवं.

आणि तरीही लोक बिचकले. पंजाबात तेव्हा बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं की, पासपोर्टवर पाकिस्तान दिसलं तर उद्या कॅनडाचा नाहीतर अमेरिकेचा व्हिसा मिळायचा नाही. शिक्का मारतच नाहीत, हे सांगूनही भीती जात नव्हती. म्हणजे कँटीनमधला आपला जाणकार पंजाबातही आहे!

म्हणून इथे खरं काय ते सांगतो. ज्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय जाता येतं, त्यांच्यासाठी अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा बदलला. इराण, इराक, सीरिया, सुदान या देशांत १ मार्च २०११ नंतर जाऊन आलेल्यांची ही सवलत काढून घेतली. पुढे त्या यादीत आणखी देश आले, पण पाकिस्तान नाही. आणि आपल्याला तर ती सवलत मुळातच नाही, आपल्याला व्हिसा काढावाच लागतो. त्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांत गेलात हे विचारतात. तिथे शिक्का असो वा नसो, खरं लिहायचं. शिक्का नाही म्हणून प्रवास लपवायचा, हा शहाणपणा अंगाशी येऊ शकतो. अधिकारी चार प्रश्न जास्त विचारील. विचारू दे. खरं सांगायला पाठांतर लागत नाही. शिक्का टाळण्याचा उपयोग अधिकाऱ्याला फसवण्यासाठी नाही. पान बघूनच कपाळाला आठ्या घालणाऱ्या एखाद्या नाक्यावर प्रवाशाला नाहक त्रास होऊ नये, एवढ्यासाठी तो आहे.

यावर एक आक्षेप मला ऐकू येतोय. देशाची सुरक्षा महत्त्वाची की तुमची सोय? सुरक्षा महत्त्वाची, यात वादच नाही. मे २०२५ मध्ये तणाव वाढल्यावर भारताने करतारपूरची वाट थांबवली, अटारीचा नाका त्याआधी एप्रिलमध्येच बंद केला होता. वाट कधी उघडायची, कधी बंद ठेवायची, हे ठरवणं सरकारचं काम आहे. पण शाईचा शिक्का म्हणजे सुरक्षा नव्हे. सुरक्षा पडताळणीत असते, बोटांच्या ठशांत असते, नोंदींमध्ये असते. करतारपूरला शिक्का नव्हता, म्हणून तपासणी कमी होती का? उलट जायच्या आधी पोलीस पडताळणी झालेली असायची. शिक्का ही फक्त नोंद. ती वहीत करा, कॉम्प्युटरमध्ये करा, माणसाच्या कपाळावर कशाला?

मित्रहो, शाईचे शिक्के आता तसेही चाललेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या शेंगेन देशांनी परदेशी प्रवाशांचे शिक्के टप्प्याटप्प्याने बंद करून चेहरा आणि बोटांचे ठसे घेणारी संगणकीय नोंद सुरू केली. म्हणजे झंझट संपली का? मला उलट वाटतं. शिक्का निदान दिसायचा तरी. कुठे काय लिहिलंय, हे प्रवाशालाही कळायचं. डेटाबेसमध्ये आपल्याविषयी काय नोंदवलंय, ते कुणाला दाखवलंय, चूक असेल तर दुरुस्त कुणी करायची, हे कळणार कसं? इस्राएलचं कार्ड खिशात ठेवता यायचं, सर्व्हरवरची ओळ खिशात ठेवता येत नाही. आणि हे सर्व्हर, ही सॉफ्टवेअर बनवणार कोण? आपल्यातलेच कुणीतरी, पुण्यात नाहीतर हैदराबादमध्ये कंपनीत बसून! त्या फॉर्ममधला जन्मगावाचा रकाना कोडमध्ये लिहिताना, एखाद्या गावाच्या नावावरून माणसाला वेगळ्या रांगेत ढकलणारी 'इफ'ची ओळ आपल्या हातून जाणार आहे, हे तेव्हा आठवलं पाहिजे. अरुणाचलच्या त्या तीन मुलींचा व्हिसा म्हणजे असाच एक 'इफ' होता, फक्त तो स्टेपलरने लिहिलेला होता.

थोडक्यात, माझं म्हणणं एवढंच. शेजाऱ्यांचं भांडण असेल तर ते दिल्ली, इस्लामाबाद, बीजिंगने टेबलावर बसून भांडावं. पासपोर्टवर शिक्का नको असं प्रवाशाने म्हटलं तर त्याला वेगळा कागद मिळावा, आणि ज्याला रीतसर व्हिसा हवा त्याच्या माथी त्याचं गाव बघून सुटा कागद मारू नये. करतारपूरसारखी, पूर्ण तपासणीची पण बिनशिक्क्याची वाट, परिस्थिती निवळेल तेव्हा आणखी दोन-चार ठिकाणी काढून बघावी. विभागलेल्या घरातल्या म्हाताऱ्या बहीण-भावांसाठी तर नक्कीच.

आणि आपण काय करायचं? पासपोर्ट काढा, पानं फाडू नका, फॉर्ममध्ये खरं लिहा, आणि कँटीनमधल्या जाणकाराला विचारा, "बाबा रे, तू स्वतः कधी पैनगंगेच्या पलीकडे गेला होतास का?"

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी